धरणीकंप, धर्म आणि विज्ञान

‘धर्म आणि विज्ञान’ असा विषय निघाला की वादविवाद स्पर्धेचे व्यासपीठ डोळ्यांपुढे उभे राहते. एक पक्ष धर्माला अंधश्रद्धा म्हणतो, दुसरा विज्ञानाला विनाशक ठरवितो, आणि टाळ्या घेऊन दोघेही घरी जातात. सामान्य माणसाच्या जीवनात मात्र हे दोघे एकाच छपराखाली नांदत असतात. तेव्हा श्रेष्ठ कोण, हा खरा प्रश्न नव्हे. कोणती गोष्ट कोणाला विचारावी, हा खरा प्रश्न आहे. मी सरावलीचा. आमच्या डहाणू-तलासरी भागाला हा प्रश्न पुस्तकाने नव्हे, पायाखालच्या जमिनीने विचारला.

नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीचा परिसर हा त्यांचा केंद्रभाग होता. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. तिचा बळी भीतीने घेतला. ऐन थंडीत माणसे घरे सोडून तंबूंत झोपू लागली.

अशा वेळी मनात दोन प्रश्न उभे राहतात. जमीन का हलते? आणि आता आम्ही जगावे कसे?

पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येथे यंत्रे बसवून नोंदी घेतल्या. एक मोठा धक्का आणि त्यामागून लहान धक्के, असा नेहमीचा क्रम येथे नव्हता. लहानमोठे असंख्य धक्के दीर्घकाळ येत राहतात, अशा प्रकारची ही भूकंपमालिका होती. उगम उथळ असल्याने लहान धक्काही मोठा आवाज करून जातो. मात्र पुढचा धक्का कोणत्या दिवशी बसेल, हे जगातील कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. विज्ञान ही मर्यादा उघडपणे मान्य करते, यातच त्याचे बळ आहे. म्हणून तारीख आणि वेळ सांगणारा कोणीही असो, अंगात आलेला भगत असो की मोबाइलवर फिरणारा ‘शास्त्रीय’ संदेश, त्यावर विश्वास ठेवू नये.

विज्ञान तारीख सांगत नसले तरी तयारी सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड, अवजड भिंतींखाली. आमच्या वारली बांधवांची कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरे हलकी असतात. ती हलली तरी माणसाला चिरडण्याइतके वजन त्यांत नसते. आता विटांची घरे होत आहेत. त्यांना जोत्याशी आणि दाराच्या वर सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा. हे काम नवसाने होणारे नाही.

मग धर्माचे काम काय? येथे एक जुना प्रसंग उपयोगी पडतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे ईश्वरी शासन आहे, असे महात्मा गांधींनी म्हटले. अस्पृश्यतेचे कडवे विरोधक असूनही रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटविणे त्यांना अविवेकी वाटले. गांधीजींचा उद्देश थोर होता, पण कारण चुकीचे होते, असे मला नम्रपणे वाटते. कारण तोच तर्क पुढे नेला, तर त्या दोन वर्षांच्या मुलीच्या आईला आपण काय सांगणार?

त्या आईपुढे भूकंपमापकाचा आलेखही मुका असतो. तिथे शेजारी लागतो, खांदा लागतो, सांत्वनाचा शब्द लागतो. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत डोंगराखाली माणसे एकत्र येतात. वारली लग्नात धवलेरी गाते. नव्या धान्याबरोबर कणसरीचे स्मरण होते. माणूस एकटा नाही आणि त्याने कृतज्ञ असावे, हेच या साऱ्यातून शिकविले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते.

ही विभागणी भूकंपापुरतीच नाही. पावसाळ्यात साप चावतो, तेव्हाही तीच कसोटी लागते. पुष्कळ साप बिनविषारी असतात. त्यामुळे भगताचा मंत्र ‘लागू पडल्याचे’ दिसते. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले असेल, तर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे, आणि तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. भगताला नमस्कार करावयाचाच असेल, तर तो दवाखान्यातून बरे होऊन आल्यावर करावा.

मित्रहो, देवाला भूकंपाचे कारण विचारू नये आणि यंत्राकडे सांत्वन मागू नये. ज्याचे काम त्याला दिले, तर दोघेही आपल्या घराचे आधार ठरतील. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. गावातील शाळेत हा विवेक शिकविण्याचे काम मग आपलेच असेल.