हीटरच्या दांड्या काढताना

सोलापूर जिल्ह्यात राहून गाडीच्या हीटरवर लेख लिहिणारी ही कोण, असं तुम्हाला वाटलं असेल तर त्यात चूक नाही. आमच्या श्रीपूरला मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. हीटर लावायची वेळ वर्षात एकदाही येत नाही. पण म्हणूनच तो अडकून बसतो, आणि त्रास देतो तो भर उन्हाळ्यात. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावे.)

आजोबांची मारुती ८०० ही १९९८ ची. एसीचा कॉम्प्रेसर कधीच काढून ठेवलाय, पण डॅशबोर्डवरच्या दांड्या तशाच आहेत. एक गरम-थंडची, एक हवेच्या दिशेची, एक बाहेरची हवा आत घेण्याची. गाडी धुताना कुणीतरी पहिली दांडी सरकवली आणि ती मध्येच अडकली. तेव्हापासून पुढे बसणाऱ्याच्या पायावर गरम झळ यायची. पुढे बसते आजी. तिला दर महिन्याला डॉक्टरांकडे अकलूजला न्यावं लागतं.

हीटर म्हणजे वेगळी शेगडी नव्हे. इंजिन तापलं की त्यातलं कूलंट साधारण ऐंशी-नव्वद अंशांवर असतं. त्यातलं थोडं एका होजमधून डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातं, त्याला हीटर कोअर म्हणतात. वाटेत एक व्हॉल्व्ह असतो आणि तो दांडीच्या केबलने फिरतो. ही केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकचीच बहीण: बाहेर आवरण, आत सरकणारी तार. बोडेन नावाच्या माणसाने तिचं पेटंट १८९६ साली घेतलं, म्हणून तिला बोडेन केबल म्हणतात. ती वर्षानुवर्षे हललीच नाही तर आत धूळ आणि गंज बसतो. मग जोर लावला तर तार सुटत नाही, दांडी मात्र मोडते.

सुट्टीत मी काम हातात घेतलं. इंजिन पूर्ण थंड पाहिजे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली पाहिजे, कारण पॅनेलमागे बल्बच्या आणि पंख्याच्या स्विचच्या वायरी असतात. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी अर्धा तास उन्हात उभी करावी. प्लास्टिक जरा नरम पडतं. श्रीपूरला एवढी एक सोय फुकट आहे! दांड्यांची टोपणं सरळ आपल्याकडे ओढायची, पक्कड वापरलीच तर फडकं गुंडाळून. मग स्क्रू. आणि पॅनेल येत नसेल तर ओढू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलेला असतो. मी ओढलं. एक टॅब गेला.

पुढची गंमत अशी की पॅनेल निघालं तरी दांड्यांचा सांगाडा बाहेर येत नाही. त्याच्या केबल्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या असतात. त्यासाठी पायाजवळ उताणं झोपून वर हात घालावा लागतो. तिथे केबलचं आवरण एका छोट्या क्लिपने धरलेलं असतं आणि तारेचं टोक व्हॉल्व्हच्या दांडीत अडकवलेलं असतं. मी क्लिप काढली, केबल बाहेर घेतली, आवरणात तेल सोडून तार मागे-पुढे केली. तासाभरात ती लोण्यासारखी सरकू लागली. सगळं परत बसवलं, दांडी थंडवर केली आणि घरभर सांगत सुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकलूजला निघालो. दांडी थंडवर, तरी झळ होतीच. आजी काहीच बोलली नाही. पंधरा मिनिटांनी तिने डोळे मिटून मान टाकली. आजोबांनी लिंबाच्या झाडाखाली गाडी थांबवली, तिला मागच्या सीटवर आडवं केलं, पाणी पाजलं. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "चला, मी बरी आहे." त्या दहा मिनिटांत माझी काय अवस्था झाली ते लिहिता येत नाही.

आजोबा साखर कारखान्यात फिटर होते. घरी आल्यावर ते रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "पोरी, क्लिप काढण्याआधी खूण केली होतीस?"

नव्हती केली. आणि चूक तिथेच होती. दांडी किती सरकते हे ठरलेलं असतं, पण त्यात व्हॉल्व्ह कुठून कुठवर फिरेल हे क्लिप आवरणाला कुठे पकडते त्यावर ठरतं. माझी क्लिप थोडी सरकून बसली होती. दांडी थंडच्या टोकाला पोचली तरी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. पंखा बंद असला तरी चालत्या गाडीत बाहेरची हवा आत शिरते आणि त्या तापलेल्या कोअरवरून पायावर येते.

आजोबांनी सांगितलेली रीत अशी. काढण्याआधी आवरणावर क्लिपच्या दोन्ही बाजूंना नेलपॉलिशची रेघ मारायची आणि मोबाईलवर फोटो काढायचा (फोटो माझी भर). बसवताना आधी तारेचं टोक अडकवायचं, दांडी थंडच्या टोकाला न्यायची, मग व्हॉल्व्ह हाताने पूर्ण बंद करून धरायचा आणि त्याच स्थितीत आवरण क्लिपमध्ये दाबायचं. त्यानंतर इंजिन तापवून कोअरकडून परत येणाऱ्या होजजवळ हात न्यायचा, लावायचा नाही. दांडी थंडवर असताना तो तापता कामा नये. ज्यांच्या गाडीत एसी चालतो त्यांनीही हे बघावं. व्हॉल्व्ह थोडा उघडा राहिला की एसी मंद वाटतो आणि आपण उगाच गॅस भरत बसतो.

एक मेकॅनिक म्हणाला, होज बायपास करा आणि हीटर विसरा. मला ते पटलं नाही. घाटात इंजिनाचा काटा वर चढला तर हीटर आणि पंखा पूर्ण सोडल्यावर तोच कोअर दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो. काचा खाली करून घाम गाळावा लागतो, पण इंजिन वाचू शकतं. डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास, म्हणजे कोअरच गळतोय, असं असेल तर मात्र बायपास ठीक.

हे सगळं जुन्या गाड्यांपुरतं. एअरबॅग असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला माहितीशिवाय हात लावू नये. आमच्या गाडीचा तुटलेला टॅब अजून तसाच आहे. पॅनेल खडखडलं की आजी पुढच्या सीटवरून माझ्याकडे वळून बघते.