लाइट येते तेव्हा तू झोपलेली असतेस

परवा फोनवर तुझा आवाज किती पडला होता गं! रात्री रेंडर लावून झोपलीस, मध्येच लाइट गेली, पहाटे आली, मशीन आपोआप सुरूही झालं. आणि सकाळी बघतेस तर पडद्यावर तुझं नाव नि पासवर्डची रिकामी चौकट. तुझ्या वारली अ‍ॅनिमेशनमधला तारपा नाचाचा फेरा 93व्या फ्रेमवर अडकलेला.

मग म्हणालीस, पासवर्डच काढून टाकते. अगं, नको. रानशेतच्या आपल्या ओटीवरचा कॉम्प्युटर तो, येणारा-जाणारा दोन बटणं दाबल्याशिवाय राहणार आहे का? पहिल्या नोकरीत मी हाच शहाणपणा केला होता. उघडं मशीन बघून कुणीतरी क्रिकेट लावलं नि माझं रेंडर बंद केलं.

पासवर्ड राहू दे, लॉगिन न करताही रेंडर चालतं. चित्र काढायला कॉम्प्युटरला पडदा लागत नाही, जागा लागते. 1920 बाय 1080ची एक फ्रेम, ठिपक्याला 4 बाइट धरले तर मेमरीत जेमतेम 8 एमबी. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी कुडाच्या भिंतीवरचं वारली चित्र कागदावर आणलं, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. भिंत सुटली म्हणून तारपा काही थांबला नाही.

अडतं ते भलतीकडेच. खिडकी उघडणारा प्रोग्रॅम आधी विचारतो, कुठल्या पडद्यावर काढू? तो पडदा तू लॉगिन केलंस की तुझ्या नावानं मांडला जातो. तू नसलीस की उत्तर द्यायला कोणी नाही, मग डिस्प्ले उघडत नाही म्हणून तो हटून बसतो. अशा हट्टी प्रोग्रॅमपुढे एक्सव्हीएफबी ठेवायचं, मेमरीतला खोटा पडदा. पण त्यावर सहसा सगळं ओझं प्रोसेसरच ओढतो, ग्राफिक कार्ड नुसतं बसून राहतं.

तुझ्या ब्लेंडरला तेवढीही गरज नाही. हुकुमात वजा-बी दिलं की तो खिडकी न उघडता चालतो, आणि त्यातलं चित्र रंगवणारं इंजिन, सायकल्स, त्याला पडद्याशी देणंघेणंच नाही. फक्त वजा-ए सगळ्यात शेवटी लिही. ब्लेंडर हुकूम ओळीनं पाळतो. वजा-ए आधी आलं तर फ्रेम कुठे ठेवायच्या हे ऐकायच्या आतच कामाला लागतो. माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे, म्हणून सांगते.

आता ग्राफिक कार्डाची किल्ली, म्हणजे ते वापरायची परवानगी. लिनक्स ती पुढ्यात बसलेल्या माणसाला देतं आणि तो उठला की काढून घेतं. तुझं कार्ड एएमडीचं, सिस्टिम उबुंटू. तिथे 'रेंडर' नावाचा गट असतो. ज्या खात्यावर काम चालणार ते त्या गटात घाल आणि एकदा बाहेर पडून परत आत ये, नाहीतर गटात घालूनही नकार येतो आणि माणूस डोकं धरून बसतो. मग ब्लेंडरचा तो हुकूम सिस्टमडीच्या, म्हणजे मशीन उठताना कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सर्व्हिसमध्ये टाक. मशीन उठलं की काम सुरू, चौकट राहू दे बापडी तिथेच.

थेट व्हिडिओ मात्र काढू नकोस. पीएनजी फ्रेम काढ आणि 'ओव्हरराइट'समोरची खूण काढून टाक. झालेल्या फ्रेम सोडून तो पुढे जातो.

डोळ्यांनी दिसल्याशिवाय चैन पडत नाही म्हणतेस. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिताना तांदळाचं पीठ ओलं असतं तेव्हा रेघ कुठे धड दिसते? वाळल्यावर पांढरी उमटते. मॉनिटर काढून ठेव नि झोप. सकाळी फोल्डर उघडलास की लाइट गेली त्या वेळची फ्रेम तेवढी बघ. अर्धी लिहिली गेली असेल तर पुसून टाक, तो परत काढेल.