पहिला अंक हातात घेतल्यावर

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचे. आवाज कमी, खरखर जास्त, पण त्यातले अंतराळयान तेव्हा जे डोक्यात बसले ते बसलेच. पुढे मी चित्रकलेचा मास्तर झालो आणि मुलांसाठी कॉमिक्स गोळा करत राहिलो. मागच्या दिवाळीत पुतण्याने त्याच मालिकेवरच्या जुन्या कॉमिक्सचा संग्रह आणून दिला. अमेरिकेतल्या ‘गोल्ड की’ प्रकाशनाने या कॉमिक्सचा पहिला अंक जुलै १९६७ मध्ये काढला. मालिका सुरू होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आमच्या गावी, पळसदेवच्या घरी ओसरीवर बसून तो अंक मी चार वेळा वाचला. टीव्हीवरच्या मालिकेवरून निघालेला पहिला अंक कसा जोखावा, याबद्दल जे हाती लागले ते सांगतो.

१. आधी तो मालिका न पाहिलेल्याच्या हातात द्यावा. मी नातीला दिला. “आबा, हा टोकदार कानांचा कोण?” तिने विचारले. मी म्हटले, पुढे वाच. कथा एका वनस्पतींच्या ग्रहाची आहे. तिथली झाडे जीव खातात आणि त्यांचे बीजाणू लागले की माणसाचे झाड होते. त्या पानावर नातीचे बोट थांबले आणि कानांचा प्रश्न ती विसरली. आपण जुने प्रेक्षक, आपल्या डोक्यात आधीची मालिका असते. अंकात जे नाही तेही आपण नकळत भरून घेतो. नवा वाचक तसे करत नाही.

२. मुखपृष्ठावर जाऊ नये. तिथे मालिकेतल्या नटांचे फोटो आहेत. आतली चित्रे कशी, कथा कशी, याचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही.

३. चित्रकाराने मूळ वस्तू पाहिली आहे का, हे शोधावे. मला यात सगळ्यांत जास्त रस. पहिला अंक नेवियो झक्कारा यांनी काढला, पुढची वर्षे बरीचशी आल्बेर्तो जोलित्ती यांनी. दोघेही इटलीचे. त्यांनी मालिका पाहिलेली नव्हती, हाताशी होते ते फोटो. म्हणून सुरुवातीच्या अंकांत यानाच्या मागून रॉकेटसारख्या ज्वाळा निघतात. मालिकेत तसे कधी घडत नाही.

हे वाचताना मला आमचे देऊळ आठवले. उजनी धरणात जुने पळसदेव बुडाले आणि पळसनाथाचे देऊळ पाण्यात राहिले. पाणी उतरले की आधी शिखर उघडे पडते, मग हळूहळू खालचे दगड. एका चित्रकाराने फोटोवरून त्याचे चित्र काढले होते. शिखराचे माप बरोबर, पाणी निळेशार. पण दगडावर दरवर्षीच्या पाण्याच्या ज्या रेघा उठतात त्या नव्हत्या, पायथ्याचा भेगाळलेला गाळ नव्हता. फोटो लांबून घेतलेला असावा. दोष हाताचा नव्हता. तो माणूस तिथे चिखलात उभाच राहिला नव्हता. झक्कारा आणि जोलित्ती यांनाही मी दोष देत नाही. जे हातात होते त्यातून त्यांनी खडक, आकाश, झाडोरा जिवंत केला.

४. चुका मोजू नयेत, तोलाव्यात. ज्वाळा ही हलकी चूक, गणवेशाचे रंग चुकले तीही हलकी. जड चूक शेवटी आहे. त्या ग्रहावरची सगळी वनस्पती यानावरच्या किरणांनी जाळून टाकली जाते आणि या कामात स्पॉक, म्हणजे तोच टोकदार कानांचा, पुढे आहे. मालिकेतला स्पॉक अनोळखी जीव दिसला की आधी समजून घेऊ पाहतो. कपडे चुकले तर माणूस ओळखू येतो. स्वभाव चुकला की नुसते नाव उरते. तो भाग वाचून मला खरोखर वाईट वाटले.

५. कागदाने काय वेगळे दिले, तेही पाहावे. मालिकेकडे पैसा कमी होता. दर भागात यान ग्रहावर उतरवणे परवडेना, म्हणून माणसे किरणांतून थेट खाली पाठवायची युक्ती निघाली. कागदावर ही अडचण नाही. एक झाड काढा की अख्खे जंगल, शाई तीच. म्हणूनच हा अंक माणसे खाणारे जंगल दाखवू शकला. ते टीव्हीच्या स्टुडिओत झाले नसते. मालिकेची नुसती नक्कल करणारा अंक मी बाजूला ठेवतो. याने तसे केले नाही, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

६. पहिल्या अंकावरून सगळ्या मालेचा निकाल लावू नये. ही कॉमिक्स १९७९ पर्यंत चालली, ६१ अंक निघाले. पुढे चित्रकारांना यान नीट कळले आणि ज्वाळाही गेल्या.

माझे मत विचाराल तर चित्रांसाठी आणि त्या जंगलासाठी हा अंक जरूर वाचावा. स्पॉक बघायचा असेल तर मात्र मालिकाच बघावी.