कागद-शाईचा हिशेब: मालवणातून

दोन-अडीच हजारांची परदेशी वही मालवणात मागवू नका. वही वाईट नसते. पण मिरग लागला की तिची पाने फुगतात, कालपर्यंत नीट उमटणारी शाई फुटायला लागते आणि श्रावण सरेपर्यंत पुठ्ठ्यावर बुरशीची पांढरी झाक येते. हस्ताक्षराचा, चांगल्या कागदाचा नाद नव्याने लागलेला माणूस आधी पैसे ओततो ते वस्तूंवर. वस्तू घरात येतात आणि पहिल्या कोऱ्या पानापुढे हात थांबतो, कारण करायचे काय हेच सुचलेले नसते. सुचायला हवे असेल तर आधी कागदावर चाललेले काम पाहावे. सिंधुदुर्गातल्या माणसाला त्यासाठी एसटीचे तिकीट पुरते.

आधी बघून या

कुडाळपासून चार-पाच किलोमीटरवर पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी सांभाळली. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवायची, अशा पानांची पोथी बांधायची आणि एकेक पान समोर धरून कथा गात सांगायची. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या संग्रहालयात चित्रे आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. वहीवाल्या माणसाने तिथे बघायचे ते असे: चेहरा एका बाजूने काढलेला, डोळा मात्र मोठा आणि पूर्ण, कडेला जाड किनार, मोजकेच रंग आणि मध्ये सोडलेली मोकळी जागा. चित्र दुरून दाखवायचे असल्यामुळे रेघ ठसठशीत. पत्राचा मथळा किंवा पाकिटाची कड सजवायची असेल तर एवढे शिक्षण पुष्कळ झाले.

तिथून सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, रंगवतात. 1970 च्या दशकात ही कला विझायला आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी हाताशी उरलेल्या जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. गंजिफाचे पान गोल असते. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून ते टणक करतात, घोटतात, रंगवतात आणि वर लाखेचा हात देतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण 120. मुघल पद्धतीच्या संचात आठ रंग आणि 96 पाने. नुसते बघत बसलात तरी एक गोष्ट ध्यानात येते. तळहाताएवढ्या गोलात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी मोजकी चिन्हे बसवायची आहेत, म्हणून चिताऱ्याने प्रत्येक अवताराचे एकच चिन्ह पकडले आणि तेच फिरवून फिरवून मांडले. आपल्या नावाचा शिक्का किंवा पत्रावरचे छोटे चिन्ह बनवताना हाच नियम लावून बघा.

दिवसाचा खर्च सांगतो. मालवण-कुडाळ साध्या एसटीचे तिकीट पन्नास रुपयांच्या आसपास, कुडाळ-सावंतवाडी चाळीसच्या आसपास. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, 75 च्या पुढे मोफत. कुडाळहून पिंगुळीला रिक्षा करावी लागते, भाडे बसण्याआधी ठरवा. जेवण धरून माणशी पाचशेच्या आत दिवस निभतो. दोन्ही ठिकाणचे प्रवेशशुल्क आणि बंदचा वार निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. पर्यटनाच्या हंगामात गर्दी असली तर कारागिराशी बोलणे होत नाही, म्हणून शनिवार-रविवार टाळलेला बरा.

विकत घ्यायचे असेल तर हाताने रंगवलेला पूर्ण गंजिफा संच काही हजारांत जातो आणि ते रास्तच आहे. 120 पाने कुणीतरी एकेक करून रंगवलेली असतात. तेवढे नको असेल तर सुटी पाने किंवा छोट्या भेटवस्तू मिळतात का, ते विचारा. मात्र हाताने रंगवलेले आणि छापलेले यांत गल्लत नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठे करून बघा. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील आहे. दोन पानांवरची किनार केसाएवढ्या फरकाशिवाय जुळली तरी तेच. छापील घेण्यात गैर काही नाही, फक्त भाव हातकामाचा देऊ नका आणि पावती मागा.

कागदावर किती घालवावे

इथून पुढचे आकडे किरकोळ दुकानातले, अंदाजाचे. गावागणिक थोडे इकडेतिकडे होतात.

हातकागदाचा नेहमीचा ताव 22 बाय 30 इंचांचा. चिंध्यांपासून केलेला साधा, 150 जीएसएमचा ताव साधारण 40 ते 80 रुपयांना पडतो. पाकळ्या, गवत घातलेला त्याहून महाग. पाकळ्यांचा कागद दिसायला देखणा, पण लिहायला भिकार. निब अडखळते. तो पाकिटाला ठेवा.

एका तावातून काय निघते, हे कापण्याआधी मांडून बघावे. ए-फोर आकाराची चार पाने सरळ निघतात, काही पाने आडवी फिरवून मांडली तर पाच. ए-फाइव्हची दहा. चार बाय सहा इंचांची पोस्टकार्डे पंचवीस, नीट मांडली तर सत्तावीस. म्हणजे साठ रुपयांच्या तावातून एक कार्ड अडीच रुपयांच्या आतबाहेर. तसले तयार कार्ड भेटवस्तूंच्या दुकानात तीस-चाळीसला घेणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. कापायला जवळच्या छापखान्यात जा. कटिंग मशीनवर दहा-वीस रुपयांत गठ्ठा सरळ कापून मिळतो. मात्र हातकागदाची नैसर्गिक, दातेरी कड हवी असेल तर मशीन नको. पट्टी ठेवून ओल्या बोटाने रेघ भिजवा आणि अलगद फाडा.

छापखान्यात आणखी एक गोष्ट विचारा: लग्नपत्रिकांच्या कामातून उरलेल्या जाड कार्डाच्या पट्ट्या. बहुतेक जण फुकट किंवा रद्दीच्या भावात देतात. सरावाला याहून चांगला कागद नाही.

ताव पुण्याहून मागवायचा असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून हेच काम करते. एका तावाचे वजन सुमारे 64 ग्रॅम, दहा तावांचे साडेसहाशे ग्रॅमच्या आत. त्यावर नळकांडे आणि कुरिअर. दोन-चार तावांसाठी वाहतूक कागदाहून महाग पडते. पुण्याला जाणारा कुणी नात्यातला असेल तर त्यालाच सांगा, नाहीतर चार जणांनी मिळून मागवा.

घेताना कागद पारखायची रीत सोपी आहे. कोपऱ्यावर शाईची एक रेघ ओढा. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी फुटली तर कागदाला खळ कमी आहे. तो रंगाला, छपाईला चालेल, पेनाला नाही.

साध्या वह्या घेताना छापील किंमत नीट बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनरवर जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या करासकटच्या किमतीचा माल कुणी अजून खपवत असेल तर विचारायचा हक्क तुमचा.

पेन, बोरू, शाई

शाईचे पेन शिकण्यापुरते शंभराच्या आत मिळते आणि पहिले सहा महिने त्याहून महाग घेऊ नये. दांडेकरांनी 1931 मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनची शाई साध्या लेखनाला पुरते. बाटली पन्नासच्या आसपास. सुलेखनासाठी तिरकी निब आणि दांडी मिळून दीडशेपर्यंत. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पेनात कधीही भरू नका. ती आत वाळते आणि पेन गेले. बुडवून लिहायच्या निबेला ती चालते, वापरल्यावर निब लगेच धुवायची.

बोरू मात्र विकत घ्यायचीच गरज नाही. परसात बांबूचे बेट असेल तर पेन्सिलीएवढी सुकी फांदी तोडा, टोक तिरके तासा, मध्ये एक चीर द्या. खर्च शून्य. दिव्यावर धरलेले काजळ आणि डिंकाचे पाणी घोटले की काळी शाई तयार. कोकमाच्या रसाने लिहायचा मोह होतो, रंग सुंदरही दिसतो. पण तो टिकत नाही. बिब्बा अजिबात नको, अंगावर उठतो.

बोरूने मोडी लिहून बघाच. कोकणातल्या कितीतरी घरांत जुने मोडी कागद फडताळात पडलेले आहेत. मोडीत आधी आडवी रेघ पानभर ओढतात आणि मग अक्षरे तिला लटकवत जातात. ही सवय हाताला लागली की देवनागरी ओळही आपोआप सरळ राहते. सराव फुकट होतो. शिकायचे असेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मोडीची प्रशिक्षणे असतात, त्यांची चौकशी करा. महागड्या ऑनलाइन वर्गाकडे त्यानंतर वळा.

पत्र टाकताना

पोस्टकार्ड पन्नास पैसे, आंतरदेशीय अडीच रुपये, पाकीट 20 ग्रॅमपर्यंत पाच रुपये. इथे हातकागदवाले फसतात. 120 जीएसएमचे ए-फोर पान साडेसात ग्रॅमचे. दोन पाने आणि हातकागदाचे जाडसर पाकीट मिळून 20 ग्रॅम ओलांडतात आणि तिकीट दहाचे लागते. कमी तिकीट लावले तर भुर्दंड पत्र मिळणाऱ्यावर, तोही दुप्पट. पोस्टात काट्यावर ठेवूनच तिकीट लावा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा नोंद हवी असेल तर खर्च वाढतो, हे धरून चाला.

पत्ता पेनातल्या शाईने लिहिला असेल तर त्यावर मेणबत्तीचा तुकडा घासा. पाऊस लागला तरी अक्षरे वाहत नाहीत.

ओल आणि कसर

खरे नुकसान इथे होते. कागद दमट असताना प्लॅस्टिकमध्ये बांधला तर बुरशी नक्की. आधी कोरड्या दिवशी सावलीत पसरा, मग बंद होणाऱ्या पत्र्याच्या डब्यात आडवा ठेवा. नव्या चपलांच्या, औषधांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्याच डब्यात टाका. पोरांच्या हाती मात्र लागू देऊ नका. डबा भिंतीला लावून किंवा जमिनीवर ठेवू नये. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एकदा उघडून पाने चाळा. कसर अंधारात आणि न हलवलेल्या गठ्ठ्यातच होते.

हाताशी दोन हजार असतील तर वाटणी अशी करा: पाचशे पिंगुळी-सावंतवाडीच्या दिवसाला, पाचशे तावांना, तीनशे पेन, निब आणि शाईला, दोनशे डब्याला आणि पोस्टाच्या तिकिटांना. उरलेले पाचशे पहिले तीन महिने खर्चू नका. कुठल्या कामात हात रमतो, ते कळले की त्यासाठी लागतील. चतुर्थीला मुंबईकरांना हाताने लिहिलेली निमंत्रणे धाडायची असतील तर ताव मे महिन्यातच आणून, कापून डब्यात टाका. जुलैत घेतलेला कागद वाळवायला इथे ऊन मिळत नाही.