दोन बांगड्यांचा आवाज



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ९, श्लोक ५ ते १०

गेले दहा महिने मी आणि माझा नवरा एका छोट्या व्हॅनमध्ये राहतोय. पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला. व्हॅनमध्ये पलंग, शेगडी, पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन बसवले आणि निघालो. वाटलं होतं, सामान कमी झालं की मनही हलकं होईल, साधना वाढेल.

जुलैत गुहागरला होतो. तीन दिवस पाऊस थांबला नाही. डोक्यावर ओले कपडे, दोघांचं ऑफिसचं काम एकाच फळीवर. चौथ्या दिवशी सकाळी त्याने उरलेलं पाणी भांडी घासण्यात संपवलं आणि मी भडकले. पाण्यावरून सुरू झालेलं भांडण "हा सगळा तुझाच हट्ट" इथपर्यंत गेलं. घरात निदान दुसऱ्या खोलीत जाता येतं! मी छत्री घेऊन व्याडेश्वराच्या देवळात जाऊन बसले. सरळ पुण्याची एसटी पकडावी, असं खरंच वाटलं.

तिथे फोनवर रोजचं वाचन उघडलं, तर नेमका हाच भाग.

अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतोय. त्यातली एक कुमारी. तिला मागणी घालायला पाहुणे आलेत, घरची माणसं बाहेर गेलीत. ती एकटीच आत भात कांडायला बसते. हातातल्या बांगड्या वाजू लागतात. आपणच कांडतोय हे कळलं तर घरची गरिबी दिसेल, म्हणून ती लाजते आणि एकेक बांगडी फोडते. प्रत्येक हातात दोन उरतात, तरी आवाज होतोच. शेवटी एकेकच ठेवते, तेव्हा शांत होतं.

अवधूत यातून एकट्याने राहायला शिकला. पण आपण संसारी माणसं, आपण काय शिकायचं? मला दोन गोष्टी जाणवल्या. एक, आवाजाने घरातली गरिबी उघडी पडणार होती. माझ्या आवाजानेही माझीच गरिबी उघडी पडली. घर सोडलं होतं, पण "माझी जागा, माझं पाणी" सोबतच आणलं होतं. दुसरी, तिने घर सोडलं नाही, फक्त आवाज थांबवला. आम्हालाही कायमचं वेगळं व्हायची गरज नव्हती, रोज थोडा वेळ 'एक बांगडी' व्हायची होती.

परत गेले. तो नळावरून कॅन भरून आणून बसला होता. म्हणाला, "चहा टाकू?" मी आधी सॉरी म्हटलं, मग ही गोष्ट सांगितली.

तेव्हापासून पहाटेचा एक तास मौनाचा. एक जण आत जपाला, दुसरा बाहेर. पाऊस असेल तर एक पुढच्या सीटवर, मध्ये पडदा. भांडणं संपली नाहीत, पण त्या तासानंतर आवाज चढत नाही.

आजचा अभ्यास : तुमचा वन बीएचके असो की हॉस्टेलची रूम, आज फक्त १५ मिनिटं एकटे बसा, फोन लांब ठेवून. आणि शेवटचं भांडण आठवा. त्या आवाजातून तुमचं काय उघडं पडलं?

उद्या भेटूच. राम कृष्ण हरी!