उडवलेली हिस्टरी

सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटने फोनमध्ये जागा व्हावी म्हणून क्रोमची हिस्टरी उडवली (हिस्टरीने जागा फारशी अडतच नाही, पण असो!) आणि प्रोजेक्ट रिपोर्टच्या सगळ्या लिंक्स गेल्या. बिचारी रडकुंडीला आली. 'डिलीट झालेलं सगळं परत' अशी जाहिरात करणाऱ्या ॲपला पैसे भरणार, तेवढ्यात मी फोनच ओढून घेतला.

मित्रांनो, हिस्टरी म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल. ती क्रोमच्या खासगी फोल्डरमध्ये असते. फोन रूट केल्याशिवाय दुसऱ्या ॲपला तिथे शिरताच येत नाही. मग ते ॲप आणणार कुठून, कपाळ?

पण गूगल अकाउंटमध्ये 'माय ॲक्टिव्हिटी' नावाचं पान असतं. लॉगिन करून सर्च केलं असेल आणि 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' चालू असेल, तर ते सर्च तिथे तारखेनुसार सापडतात. फोनमधली हिस्टरी पुसली म्हणून ते पुसले जात नाहीत. (काही जणांचे चेहरे आत्ताच उतरले असतील!)

तेच सर्च आम्ही पुन्हा मारले. बऱ्याच लिंक्स मिळाल्या. डाउनलोड केलेल्या पीडीएफ तर फोल्डरमध्ये तशाच पडून होत्या. दोन लिंक्स मात्र शेवटपर्यंत सापडल्या नाहीत, आणि व्हायव्हाला सरांनी नेमकं त्यांच्यावरच विचारलं.