सोनेरीचा हात आखडता

मुखपृष्ठं आणि लग्नपत्रिका करताना सोनेरी, इंडिगो आणि काळा ही त्रयी माझ्याकडे सारखी मागितली जाते. मला ती मनापासून आवडते, म्हणूनच ती कशीही वापरलेली बघवत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते.

१. तिघांना सारखी जागा देऊ नका. जमीन निळ्याची असू द्या, काळा त्याहून बराच कमी आणि सोनेरी अगदी मोजका. ट्युनिशियातल्या कैरुआनशी जोडलं जाणारं नवव्या-दहाव्या शतकातलं ‘ब्लू कुराण’ पाहा : निळ्या चर्मपत्रावर सोन्याची अक्षरं. जपानच्या हिराइझुमीतल्या चूसोन-जी मंदिरासाठी बाराव्या शतकात लिहिलेल्या बौद्ध सूत्रांत गर्द निळ्या कागदावर एक ओळ सोन्याची, पुढची चांदीची. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लेखनिकांनी सोन्याखाली निळाच घेतला, तो उगाच नव्हे.

२. इंडिगोवर काळी अक्षरं कधीच नकोत. पडद्यावर वापरला जाणारा नेहमीचा इंडिगो आणि काळा यांच्यातला उजेडाचा फरक जेमतेम १.६ : १ भरतो, बारीक मजकूर वाचता यायला निदान ४.५ : १ हवा. मध्यम सोनेरी काळ्यावर सुमारे १० : १, इंडिगोवर ६ : १ आणि पांढऱ्यावर फक्त २ : १. म्हणून पांढऱ्या पानावरचं सोनेरी शीर्षक मी गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी देत नाही.

३. छपाईत इंडिगो फसवतो. सायन १०० टक्के ठेवून मॅजेंटा त्याच्या बरोबरीला नेलात, की निळ्याचा जांभळा होतो. मी मॅजेंटा ८०-८५ च्या पुढे जाऊ देत नाही. शेजारचा काळा नुसत्या काळ्या शाईचा असेल तर करडा, विटका दिसतो. मोठ्या काळ्या भागात थोडा सायन मिसळा. पण चारही शाया भरभरून ओतू नका. शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीवर डाग उमटतात. बारीक मजकूर मात्र नुसत्या काळ्यातच ठेवा.

४. सोनेरी चमक देणारं फॉईल आणि देवनागरी यांचं जमवावं लागतं. इथे सर्वांत जास्त वेळ द्या. रोमन अक्षरांवर बेतलेले नाजूक फाँट फॉईलच्या ब्लॉकवर चालून जातात. आपल्याकडे ‘ष’, ‘ध’, ‘क्ष’च्या गाठी भरून जातात, रफार मात्रेला चिकटतो आणि एकटा अनुस्वार नीट धरतच नाही. शिरोरेषा थोडी जाड घ्या, जोडाक्षरं मोकळी करा, अनुस्वाराचं टिंब हाताने मोठं करा. ब्लॉक बनवायला देण्याआधी शीर्षक खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचा. नावातलं टिंब गेलं तर माणसाचं नाव बदलतं.

५. ‘मंगलकार्यात काळा नको’ असं घरची मोठी माणसं म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. काळा किती आणि कुठे येणार ते दाखवा. मंगळसूत्रातले काळे मणी आणि सोन्याच्या वाट्या, संक्रांतीला नव्या सुनेला नेसवतात ती चंद्रकळा, हे सारं त्यांच्याच घरातलं आहे. तरीही मन मानत नसेल, तर काळा काढून निळा गडद करावा. पत्रिका त्यांच्या घरची आहे.

६. प्रूफ दिवसाच्या उजेडात बघा. प्रेसमधल्या ट्यूबलाइटखाली गडद इंडिगो आणि काळा एकच वाटतात.

७. चार रंगांच्या छपाईत सोनं मिळत नाही, मोहरीसारखा पिवळा मिळतो. चमक हवी तर फॉईल किंवा धातूची शाई लागते. ही शाई साध्या, शोषणाऱ्या कागदात मुरून मंद होते. मॅट लॅमिनेशनवरचं फॉईल मात्र खुलतं. फॉईलइतके पैसे नसतील तर सोनेरी सोडून द्या आणि निळ्यावर स्वच्छ पांढरी अक्षरं घ्या. खोट्या सोन्यापेक्षा ती कितीतरी देखणी दिसतात.